थंडीचे पाहुणे आणि आपलं अंगण: सोलापूरकरांसाठी

दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरलेला नसतो आणि एका सकाळी मागच्या भिंतीवर थिरथिरा बसलेला दिसतो. चिमणीएवढा पक्षी. नराचं डोकं, पाठ आणि छाती काळी, पोट विटकरी. मादी सगळी मातकट. ओळखायची खूण मात्र दोघांची एकच. थोड्या थोड्या वेळानं शेपूट थरथरते आणि थरथरताना तिचा तांबूस रंग चमकून जातो. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडच्या उंच मुलखातून तो आलेला असतो. पुढचे चार-पाच महिने आपली भिंत, आपला नळ आणि आपली मागची मोरी हा त्याचा मुलूख.

जुळे सोलापुरात आमच्या घरामागे वीस बाय तीस फुटांची मोकळी जागा आहे. एक कडुलिंब, एक बोर, शेवगा, कढीपत्ता, कुंपणालगत आपोआप उगवलेली रुई. गेली बारा वर्षं थंडीत मी या जागेकडे लक्ष देऊन बघते आहे. कुणी घरी आलं की हमखास विचारतं, "तुमच्याकडे एवढी पाखरं येतात, त्यांना खायला काय घालता?" खरं तर खायला मी फार थोडं घालते.

बर्फ पडतो त्या देशांत थंडीत दाणा घातला तर पाखरू जगतं. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. सोलापूरची थंडी म्हणजे पहाटे पंधरा-सोळा अंश, एखाद्या आठवड्यात दहा-बाराच्या आसपास, आणि दुपारी पुन्हा तीस. शेतात ज्वारी उभी असते, बोरं पिकत असतात, किडे भरपूर असतात. कमी पडतं ते पाणी, कारण परतीचा पाऊस संपला की डिसेंबरपर्यंत खड्डे, ओघळ, डबकी सगळी आटतात. दुसरी कमी पडते ती न झाडलेली जमीन. या दोन गोष्टी दिल्यात की निम्म्याहून जास्त काम झालं.

पाणी

कुंडीखाली ठेवतात ती मातीची थाळी घ्या, फूटभर रुंद. प्लॅस्टिकची गुळगुळीत असते, तिच्यात पाय घसरतात, शिवाय आपल्या उन्हात ती दोन वर्षांत तडकते. पाणी कडेला अर्धा इंच आणि मध्ये फार तर दोन इंच. त्याहून खोल पाण्यात लहान पाखरू उतरत नाही. थाळी सपाट असेल तर एका बाजूला शहाबादी फरशीचा खरबरीत तुकडा तिरपा ठेवा, म्हणजे उतरायला घाट होतो.

जागा निवडताना मांजराचा विचार आधी करा. थाळी झुडपाला खेटून ठेवली तर मांजर त्याच झुडपात दबा धरून बसतं. अगदी उघड्यावर ठेवली तर भिजल्या पंखांनी पाखराला लांब उडता येत नाही. सहा-सात फुटांवर एखादी फांदी किंवा कुंपण असावं, आणि सकाळचं ऊन थाळीवर पडावं. जमलं तर दोन थाळ्या ठेवा. जमिनीवरच्या थाळीला धोबी, होले, सातभाई येतात. कमरेएवढ्या उंचीवरची चिमण्या, बुलबुल, शिंजीर पसंत करतात. गल्लीत मांजरं जास्त असतील तर खालची थाळी ठेवूच नका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हीच थाळी गॅलरीच्या कठड्यावर ठेवावी, पण तारेनं पक्की बांधून. खालून माणसं जात असतात.

एक युक्ती मला फार उपयोगी पडली. लिटरभराच्या बाटलीच्या बुडाला सुईनं भोक पाडा, पाणी भरा आणि ती थाळीच्या वर फांदीला टांगा. झाकण जेवढं सैल कराल तेवढा थेंब भरभर पडतो. दोन सेकंदांना एक थेंब ठेवला तर बाटली दहा-अकरा तास पुरते. थाळी महिनाभर तशीच होती तेव्हा जी पाखरं फिरकली नव्हती, ती थेंबाचा टपटप आवाज ऐकून दोन दिवसांत आली.

पाणी रोज बदला. घाण होतं म्हणून तर बदलायचंच, पण डासांसाठीही. डेंगीचा डास अंडी घालतो ती भांड्याच्या कडेला, पाण्याच्या जरा वर, आणि भांडं कोरडं पडलं तरी ती जगतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. दोन-तीन दिवसांतून एकदा काथ्यानं कडा घासा, थाळी तासभर उन्हात वाळवा, मग भरा. साबण लावू नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि पाखरांसाठी पाणी घालवणं अनेकांच्या जिवावर येतं, हे मला कळतं. थाळीला लागतं दीड-दोन लिटर. कालचं पाणी तुळशीला किंवा कढीपत्त्याला घाला, एक थेंब वाया जात नाही.

आता बघायचं कधी? पाखरं पाणी प्यायला सकाळी लवकर येतात, पण थंडीत आंघोळीला दहा ते बाराच्या दरम्यान, ऊन चांगलं तापल्यावर. सातभाईंची आंघोळ एकदा तरी निवांत बसून बघा. आधी एकच उतरतो, बाकीचे कुंपणावर कलकलाट करत राहतात. तो छाती पाण्यात बुडवतो, पंख फडफडवतो, दोन वेळा मान मागे टाकतो आणि बाहेर येतो. लगेच दुसरा. सगळ्यांची झाली की ते बोरीच्या एका फांदीवर एकमेकांना चिकटून बसतात आणि शेजारच्याच्या मानेवरची पिसं चोचीनं विंचरून देतात. स्वतःच्या मानेपर्यंत चोच पोचत नाही, म्हणून हे काम दुसऱ्यानं करायचं. दहा मिनिटं हा कार्यक्रम चालतो.

पाचोळा

थंडीत आपल्याला अंगण लख्ख झाडायची आणि पाचोळ्याची शेकोटी करायची सवय आहे. यंदा एक कोपरा सोडा. सीताफळाची, देशी बदामाची, शेवग्याची गळलेली पानं तिथे पसरून ठेवा. त्यांच्याखाली ओल टिकते, आणि ओलीला गांडुळं, गोगलगायी, कोळी, भुंगेरे येतात. सातभाई येऊन एकेक पान उलटतात. हुदहुद येतो, आपली लांब वाकडी चोच मातीत खुपसून अळी बाहेर ओढतो. सापसुरळी दुपारच्या उन्हाला कडेवर येऊन पडते.

इथे एक इशारा मनापासून देते, कारण चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात पाचोळ्याचा मोठा ढीग मागच्या दाराला लागून रचला, त्यावर छाटलेली लाकडंही टाकली. जानेवारीत एका दुपारी कपडे वाळत घालताना कुकरची शिट्टी सुटावी तसा फूत्कार ऐकू आला. ढिगाच्या कडेला घोणस होती, ऊन खात. घोणशीचा मिलनाचा काळ थंडीतच येतो, त्यामुळे या दिवसांत ती जास्त दिसते, दिवसाही. मी जागच्या जागी थांबले, मग हळूहळू मागे सरले. सर्पमित्र येऊन तिला घेऊन गेले. तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. पाचोळा दारापासून वीस फूट लांब. थर चार बोटांपेक्षा जाड नाही. त्यावर विटा, लाकडं, फरश्या रचायच्या नाहीत. त्यात हात घालायचा नाही, काठी वापरायची. अंधार पडल्यावर अंगणात बॅटरी आणि बूट असल्याशिवाय जायचं नाही. लहान मुलं रांगत, खेळत असतील तर हा कोपरा कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला असू द्या. आणि दंश झालाच तर बांधणं, कापणं, मंत्र काही नको. सरळ मोठ्या दवाखान्यात जा, जिथे प्रतिविष असतं.

दाणा

मूठभर, सकाळी एकदा, अर्ध्या तासात संपेल एवढाच. बाजरी, राळं, तांदळाची कणी, ज्वारी. उरत असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा. उरलेल्या दाण्याला उंदीर आणि घुशी येतात, आणि त्यांच्यामागून साप.

कबुतरांना पोतं ओतून खायला घालणं मला पटत नाही. त्यांची संख्या फुगते, चिमण्यांना जागा उरत नाही, आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीनं माणसांना फुप्फुसाचे आजार होतात. दाणा बारीक ठेवा आणि तो कबुतराला उभं राहता येणार नाही अशा अरुंद जागी घाला, म्हणजे त्यांची गर्दी बरीच कमी होते.

दिवाळीनंतर उरलेला फराळ, शेव, फरसाण, खारे दाणे पाखरांना घालू नका. मीठ त्यांना सोसत नाही. बुरशी आलेले शेंगदाणे तर अजिबात नाहीत, त्या बुरशीचं विष जिवावर बेततं. भाकरीचा कुस्करा चालतो, मीठ नसलेला आणि थोडाच. कडक भाकरी असेल तर आधी भिजवा.

सगळ्यात सुंदर सोय आपल्या मातीतलीच आहे. हुरड्याच्या दिवसांत गावाकडून ज्वारीची दोन-चार कणसं जास्त मागवा आणि सुतळीनं फांदीला उलटी टांगा. चिमण्या आणि मुनिया त्या कणसाला लोंबकळत एकेक दाणा काढतात. कबुतराला ते जमत नाही, दाणा खाली सांडत नाही, आणि कणीस आठवडाभर पुरतं. शेजारच्या आज्जी कानडी बोलतात. पहिल्या चिमण्या कणसाला लागल्या की त्या कठड्यावरून हाक देतात, "अगं, गुब्बी आल्या बघ!" पलीकडच्या तेलुगू घरात तिलाच पिच्चुका म्हणतात. सोलापुरात चिमणीला हाक मारायची तर तीन भाषा हाताशी आहेत.

झाडं

जागा असेल तर बोर लावा. थंडीत बुलबुल, साळुंक्या आणि खारी तिच्यावरून हलत नाहीत. पाणी नाममात्र लागतं आणि संक्रांतीच्या सुगडात घालायला बोरंही घरचीच होतात. शेवगा फुलला की शिंजीर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जांभळ्या शिंजीराचा नर ओळखूच येत नाही, कारण विणीचा झळाळता पोशाख उतरवून तो मादीसारखा फिका झालेला असतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ. जानेवारी-फेब्रुवारीत एकेक पीस करून निळा-जांभळा रंग परत येतो. एकाच नराकडे दर रविवारी बघत राहिलात तर हा बदल तुमच्या डोळ्यांसमोर होतो. मला थंडीतली सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे.

कुंडीत करायचं असेल तर कोरफड लावा. तिचा फुलोरा थंडीतच येतो, आणि त्याच्या लांब नळ्यांसारख्या फुलांत शिंजीराची चोच बरोबर बसते. अडुळसाही याच दिवसांत फुलतो. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, मधमाश्यांसाठी चार राहू द्या. घाणेरी दिसायला छान दिसली तरी लावू नका, ती माळरान गिळत सुटते.

आणि रुई उपटू नका. तिच्या पानांवर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या तर त्या बिबळ्या कडवा फुलपाखराच्या. अळी रुईचा विषारी चीक पचवून अंगात साठवते, म्हणून पाखरं तिला आणि पुढे त्या फुलपाखरालाही टाळतात. थंडीत कोशातून फुलपाखरू बाहेर यायला जास्त दिवस लागतात, तेव्हा कोश हलत नाही म्हणून मेला असं समजून फेकू नका. सकाळी आठ-साडेआठला ऊन चढताना ही फुलपाखरं पंख पूर्ण उघडून पानावर बसतात. अंग तापल्याशिवाय त्यांना उडताच येत नाही. फोटो काढायची हीच वेळ.

दिवसभरात कोण

सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पहिला अर्धा तास दयाळ आणि बुलबुलांचा. किडे अजून गारठलेले असतात, म्हणून किडे खाणारी पाखरं उन्हाची वाट बघत फुगून बसलेली दिसतात. पिसांत हवा कोंडून ऊब धरतात. आठनंतर लगबग सुरू होते. पांढरा धोबी गच्चीवर किंवा अंगणातल्या ओल्या जागेत तुरुतुरु पळतो, शेपूट सतत वर-खाली. हाही थंडीपुरता पाहुणा. थिरथिरा भिंतीवरून जमिनीवर झेप घेतो, किडा उचलतो, परत त्याच जागी.

दाट झुडपातून "चक्... चक्..." असा दोन खडे एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज येत असेल तर तो वटवट्या. दिसणार नाही, ऐकू येत राहील. थांबा. दहा-पंधरा मिनिटांत एकदा तरी तो पानांच्या कडेला येतोच. "टिर्रर्र" असा घड्याळाला किल्ली दिल्यासारखा आवाज आला तर तांबड्या गळ्याचा माशीमार शोधा. कडुलिंबात मधल्या उंचीवर बसतो, शेपूट झटकन वर करतो, आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसतात. गळ्याला नारिंगी रंग फक्त मोठ्या नराला असतो, तेव्हा तो नाही दिसला तर ओळख चुकली असं समजू नका.

दुपारी पाखरं शांत असतात. तुम्हीही जेवून घ्या.

चार-साडेचारनंतर आकाशाकडे लक्ष ठेवा. भोरड्या येतात. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. शेकड्यांनी, कधी हजारांनी. मध्य आशियाकडून येऊन त्या इथे एप्रिलपर्यंत राहतात. माझ्या माहेरी मामा शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत या भोरड्या राखायचे, कारण ज्वारीवर उतरल्या की कणसं रिकामी. पण किडे आणि टोळही त्या तेवढ्याच खातात. संध्याकाळी रात्रीच्या मुक्कामाच्या बाभळींकडे जाताना त्यांचा थवा आकाशात पसरतो, आवळतो, वळतो. तलावाच्या बाजूला उघडं आकाश असतं, तिथून हे नीट दिसतं. सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव, कुठलाही जवळचा.

अंधार पडताना कडुलिंबाच्या ढोलीतून पिंगळा बाहेर येतो. घुबडाच्या जातीचा म्हणून लोक त्याला अशुभ मानतात, दगड मारतात. तो रात्रभर उंदीर आणि किडे खातो. अंगणातला दिवा रात्री बंद ठेवा, एवढंच त्याला हवं असतं.

जपायचं काय

मांजा. कधीचाही अडकलेला असो, आकडीच्या काठीनं झाडातून काढा आणि बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांत लोंबताना दिसतोच.

सूत. हे खास आपल्या शहराचं दुखणं आहे. यंत्रमागांच्या भागात धाग्यांच्या गुंतवळी वाऱ्यानं अंगणात येतात. पाखरांच्या पायांना धागा गुंडाळला की तो रुतत जातो आणि बोटं झडतात. झाडताना धागा वेगळा उचला.

गाडीचा आरसा. चीरक, दयाळ किंवा शिंजीर आरशातल्या स्वतःलाच शत्रू समजून तासन्‌तास चोची मारत राहतो, दमून जातो. आरशावर जुना मोजा चढवा.

जखमी पाखरू सापडलं तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि बाजारात पिंजऱ्यातल्या मुनिया किंवा पोपट दिसले तर दया येऊन विकत घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हा व्यापार गुन्हा आहे, आणि तुम्ही दोन सोडवले की विकणारा चार पकडतो.

वही

शाळेची शंभर पानी वही पुरे. तारीख, वेळ, कोण, किती, काय करत होतं. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. वही त्या आठवड्यात सुरू करा. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणतात त्याला. भारतातून २०१३ पासून लोक त्यात भाग घेतात. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, दिसलं ते मोजायचं, ई-बर्ड ॲपवर टाकायचं. आवाजावरून नाव ओळखायला मर्लिन हे ॲप फुकट मिळतं. पण त्यानं सांगितलेलं नाव डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत लिहू नका, बऱ्याचदा ते चुकतं.

पाच-सहा हिवाळे झाले की एखाद्या रविवारी हिप्परग्याच्या तलावावर किंवा नान्नजच्या माळावर जा. तिथे बदकं, भोवत्या नावाचे शिकारी पक्षी, काळवीट दिसतील. अंगणात डोळा तयार झालेला असतो, त्यामुळे तिथे दुप्पट दिसतं.

माझ्या वहीत प्रत्येक वर्षाच्या दोन तारखांखाली रेघ आहे: थिरथिरा पहिल्यांदा दिसला ती, आणि शेवटचा दिसला ती. दुसरी तारीख लिहिणं अवघड असतं, कारण शेवटचा दिवस त्या दिवशी कळत नाही. मार्चअखेर ऊन चटका द्यायला लागतं आणि एका सकाळी भिंत रिकामी असते. मग दोन-तीन दिवस मी वाट बघते, मागची पानं उलटते, आणि त्याला बघितलं होतं त्या पानावर जाऊन रेघ ओढते. थाळीत पाणी तोपर्यंत दिवसातून दोनदा भरावं लागत असतं.